कच्ची वही
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. काल संध्याकाळपासून जेवढे जण भेटले, त्यातल्या निम्म्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुला हे सगळं सुचतं कसं गं?" प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेते. पण आज उत्तर द्यायचं ठरवलं आहे. आणि उत्तर असं आहे, की सुरुवातीला सुचतं ते बहुतेक वेळा वाईटच असतं. चांगलं जे काही असतं ते नंतर येतं, आणि ते सुचत नाही, करावं लागतं.

हे विनयाने म्हणते आहे असं कृपा करून समजू नका. माझ्या कथेचा पहिला खर्डा कसा असतो ते ऐका. दुसऱ्या पानावर जिचं नाव एक असतं, तिचं पाचव्या पानावर दुसरंच होतं. सहाव्या पानावर वारलेले काका दहाव्या पानावर चहा पीत बसलेले असतात. पाऊस तीनदा पडतो आणि तिन्ही वेळा मी त्याचं वर्णन करते. प्रत्येक जण बोलण्याआधी उसासा टाकतो. आणि शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी खिडकीतून बाहेर बघत असतं, कारण मला त्या माणसाचं पुढे काय करायचं ते कळलेलं नसतं. हा खर्डा मी कुणालाही दाखवत नाही. पण तो लिहिते, आणि शेवटपर्यंत लिहिते.

आता हे आपल्या शाळेशी कसं जोडलेलं आहे ते सांगते. आपल्याकडे दोन वह्या असायच्या, कच्ची आणि पक्की. कच्ची वही म्हणजे मागच्या वर्षीच्या वह्यांमधली कोरी पानं काढून घरी शिवलेली. तिच्यात काहीही चालायचं. गणिताच्या पेपरात तर उजवीकडे रेघ मारून वर 'कच्चे काम' असं लिहायची रीतच होती, आणि त्या रेघेपलीकडच्या खाडाखोडीचे गुण कुणी कापत नसे. उलट सर म्हणायचे, कच्चं काम दिसू दे, म्हणजे तू उत्तरापर्यंत कसा आलास ते कळेल.

मराठीच्या पेपरात मात्र ती रेघ नव्हती. निबंध एकदाच, सरळ, सुवाच्य अक्षरात, घड्याळाकडे बघत लिहायचा. यात शिक्षकांचा काही दोष नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग, तीन तासांचा पेपर, त्यात दुसरं काय शक्य होतं? पण त्यातून आपल्या सगळ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसली. गणिताला कच्चं काम लागतं. भाषा मात्र ज्याला येते त्याला पहिल्याच झटक्यात येते. ज्याला खोडावं लागतं त्याला ती येत नाही. लिहिण्याच्या वाटेत जेवढे अडथळे आहेत, त्यांत ही समजूत मला सर्वांत मोठी वाटते. आज मला तिच्याविषयीच बोलायचं आहे.

एक उदाहरण सांगते. ते परदेशातलं आहे, पण पहिला खर्डा आणि पक्कं पुस्तक ही दोन्ही छापील रूपात शेजारी ठेवून बघता येतात अशी उदाहरणं फार थोडी असतात, म्हणून ते निवडलं. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी आपल्यातल्या काही जणांनी वाचली असेल, काहींनी सिनेमा पाहिला असेल. लेखिका हार्पर ली. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातल्या एका लहान गावात वाढलेली मुलगी. न्यूयॉर्कला येऊन विमान कंपनीत आरक्षणाचं काम करत होती आणि उरलेल्या वेळात लिहीत होती. १९५६ च्या नाताळात तिच्या मित्रदांपत्याने तिला वर्षभर पुरतील इतके पैसे भेट दिले आणि सांगितलं, नोकरी सोड आणि लिही. १९५७ मध्ये तिने लिपिनकॉट या प्रकाशन संस्थेकडे हस्तलिखित दिलं. त्याचं नाव होतं 'गो सेट अ वॉचमन'.

त्यात काय होतं? सव्वीस वर्षांची एक तरुणी न्यूयॉर्कहून आपल्या गावी येते. ज्या वडिलांना तिने देव मानलं, ते वर्णद्वेषी लोकांच्या बैठकीला जाऊन बसतात हे तिला दिसतं, आणि ती कोसळते. अधूनमधून तिला लहानपण आठवतं. वाद पुष्कळ, भाषणं लांबलचक. टे होहॉफ नावाच्या संपादक बाईंनी ते वाचलं. त्यांना त्यात जीव दिसला, पण कादंबरी दिसली नाही. जीव होता तो त्या लहानपणच्या आठवणींत. गोष्ट तिथूनच, त्या लहान मुलीच्या तोंडून सांगावी, अशा दिशेने त्यांनी लेखिकेला वळवलं. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चाललं. एका हिवाळ्यात वैतागून तिने सगळी पानं खिडकीतून बाहेर बर्फात फेकली, रडत संपादक बाईंना फोन केला, आणि त्यांनी "आधी खाली जा आणि पानं गोळा कर" असं फर्मावलं, अशी आठवण सांगितली जाते. १९६० मध्ये पुस्तक आलं, १९६१ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

पुढे २०१५ मध्ये ते जुनं हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' याच नावाने छापलं गेलं, आणि वाचकांना दोन्ही ताडून पाहता आलं. मी दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचली. मला सर्वांत जास्त थांबवलं ते एका बारीक गोष्टीने. 'मॉकिंगबर्ड'चा कणा म्हणजे तो खटला. एका निरपराध काळ्या माणसावर बलात्काराचा आळ येतो, मुलीचे वडील त्याचं वकीलपत्र घेतात, पुरावा स्पष्ट असूनही पंच त्याला दोषी ठरवतात. जुन्या हस्तलिखितात हा खटला जवळजवळ ओझरताच येतो, आणि तिथे तो आरोपी निर्दोष सुटलेला आहे!

म्हणजे बघा, पुढे जगभर लक्षावधी लोकांनी वाचली ती गोष्ट पहिल्या खर्ड्यात एका कोपऱ्यात पडून होती, आणि तिचा निकालसुद्धा उलटा होता. पण होती. तो खर्डा लिहिलाच नसता तर त्या कोपऱ्यापर्यंत कोण पोचलं असतं? पहिल्या खर्ड्याकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते. त्याने चांगलं असायची गरज नाही. आपल्याला खरी गोष्ट कुठली सांगायची आहे, तिचा धागा त्याच्या पोटात कुठेतरी असायला हवा.

आता माझ्या टेबलावरचं उदाहरण. एवढ्या मोठ्या नावानंतर आपलं सांगणं संकोचाचं आहे, पण जे मी हातांनी केलं आहे तेच मला नीट सांगता येईल.

मी बँकेत नोकरी केली हे तुम्हाला माहीत आहे. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतन घेणारी मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे सही करून सांगायचं. त्यावर कथा लिहावी असं बरीच वर्षं मनात होतं. पहिला खर्डा चौदा पानांचा झाला. सांगणारी बँकेतली कारकून. पहिली तीन पानं बँकेचं वर्णन, काउंटर, पंखा, टोकन, गर्दी. मग एक आजोबा दर वर्षी येतात, गमतीने विचारतात, "बघा बरं, मी आहे ना?" एका नोव्हेंबरात ते येत नाहीत. शेवटी रिकामी खुर्ची. वाचताना मलाच कंटाळा आला. रिकामी खुर्ची शंभर कथांत येऊन गेली आहे.

खर्डा कपाटात ठेवला. महिन्याने काढला, तेव्हा नवव्या पानावर एक वाक्य दिसलं. लिहिताना ते सहज येऊन गेलं होतं: आजोबांची बायको बाहेर पायरीवर पिशवी घेऊन बसलेली असायची, ती कधी आत आली नाही. मी त्या वाक्याखाली रेघ मारली. ही बाई आत का येत नाही? नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिलाच आत यावं लागणार आहे. हे त्या दोघांना माहीत आहे का? माहीत असेल तर ते घरी त्याबद्दल काय बोलत असतील?

दुसरा खर्डा त्या बाईच्या बाजूने लिहिला. तो पहिल्याहून वाईट झाला, कारण मी तिला फार शहाणं केलं. ती बोलायला लागली की वर्तमानपत्रातला लेख वाटायचा. पण त्यात एक गोष्ट सापडली. तिला सही येत नाही, ती अंगठा लावते. आणि नवरा तिला सांगतो, माझ्यामागे तू अंगठा लावायचा नाहीस. तो नातवाच्या वहीत तिच्याकडून तिचं नाव गिरवून घेतो. तिसऱ्या खर्ड्यात बँक जवळजवळ निघून गेली. उरली ती संध्याकाळची ओसरी, वही, आणि दोन म्हातारी माणसं. तो तिला सही शिकवतो आहे, म्हणजे आपल्या जाण्याची तयारी करून घेतो आहे, हे दोघांना कळतं आणि दोघंही बोलत नाहीत. चौथ्या खर्ड्यात मी मरण काढून टाकलं. कथेत कुणी मरतच नाही आता. पाचवा खर्डा फक्त वाक्यांचा. चौदा पानांची नऊ झाली. सुरुवात केली त्या पावसाळ्यानंतरच्या दिवाळीत नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीत ती अंकात आली.

मला कुणी म्हणालं, की ओसरीवरची कल्पना फार छान सुचली हो, तर मी काय सांगू? ती सुचली नव्हती. नऊ पानं वाईट लिहिल्यावर ती पायरीवर बसलेली सापडली.

आता कुणी म्हणेल, मग साने गुरुजींचं काय? 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. बेचाळीस रात्रींची गोष्ट पाच दिवसांत! खरं आहे. पण त्या वेळी त्यांची आई जाऊन पंधराहून अधिक वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्या आठवणी त्यांच्या मनात किती वेळा फिरल्या असतील, त्यातलं किती गळलं असेल, किती घट्ट झालं असेल, हे कागदावर दिसत नाही, इतकंच. काहींची कच्ची वही मनात असते. माझ्यासारख्यांना ती शिवून घ्यावी लागते.

पहिला खर्डा वाचल्यावर जी निराशा येते तिच्याबद्दल बोलते, कारण माणसं हात आखडतात ती तिथेच. मनात असताना गोष्ट फार सुंदर असते. ती सुंदर असते कारण मनात तिला वाक्यं नसतात. तिथे नुसता वास असतो, उजेड असतो, कुणाचा तरी आवाज असतो. कागदावर आली की तिला कर्ता, कर्म, क्रियापद लागतं आणि ती एकदम लंगडी दिसायला लागते. आपण म्हणतो, छे, मला जमत नाही. पण हे वाईट आहे असं जे आपल्याला कळतं, ते कुणाला कळतं? आपल्यातल्या वाचकाला. पन्नास वर्षं चांगलं वाचून तयार झालेला तो वाचक आहे. तो चिडला याचा अर्थ तो शाबूत आहे. त्याला फक्त योग्य वेळी आत बोलवायचं. पहिला खर्डा चालू असताना त्याला ओसरीवर बसवून ठेवायचं, पाणी द्यायचं, आणि सांगायचं, थांब, तुझं काम नंतर आहे.

काही जणांनी काल मला विचारलं, की निवृत्तीनंतर आम्हालाही काही लिहायचं आहे, तर करायचं काय? माझी पद्धत सांगते. ती शास्त्र नाही, सवय आहे.

एक, शेवटपर्यंत जायचं. मागे वळून पहिलं पान दुरुस्त करायचं नाही. जिथे अडेल तिथे समासात 'इथे काहीतरी' असं लिहून पुढे सरकायचं. माझ्या खर्ड्यांत 'इथे काहीतरी' पंधरा-वीस वेळा असतं, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या ठिकाणी नंतर काहीच लागत नाही.

दोन, झाकून ठेवायचं. लोणचं घातल्यावर आपण रोज बरणी उघडून बघत नाही. निदान तीन आठवडे. दिवाळी अंकाचे संपादक साधारण जुलै-ऑगस्टमध्ये कथा मागतात, म्हणून माझा पहिला खर्डा उन्हाळ्यात व्हावा लागतो. नाहीतर मुरायला वेळच मिळत नाही.

तीन, एका वाचनात एकच काम. आधी मोठे प्रश्न: गोष्ट कुणाची, सांगतं कोण, सुरू कुठे होते. मग प्रसंग: कुठला हवा, कुठला नको. मग संवाद, मग वाक्यं. आणि सर्वांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. आपल्या मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांची माफी मागून सांगते, शुद्धलेखन शेवटी. जे पान उद्या टाकून द्यायचं आहे त्याच्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या? शिवाय सुधारलेलं पान टाकवत नाही. ते देखणं दिसायला लागतं आणि मग गोष्टीला नको असलं तरी आपण त्याला धरून बसतो.

चार, ठिगळं लावण्यापेक्षा पुन्हा लिहायचं. जुना खर्डा शेजारी ठेवायचा आणि कोऱ्या कागदावर सुरुवात करायची. हाताला कंटाळा येतो आणि तो कंटाळा उपयोगी असतो. जे वाक्य दुसऱ्यांदा लिहायचा कंटाळा येतो ते बहुधा नकोच असतं.

पाच, मोठ्याने वाचायचं. डोळे फसतात, कान सहसा फसत नाही. दम लागला तर वाक्य लांब आहे. आपल्यालाच लाज वाटली तर ते खोटं आहे.

आणि सहा, जुनं फेकायचं नाही. हे मी बँकेत शिकले. संगणक येण्याआधी खतावणीत खोडरबर चालत नसे. आकडा बदलायचा तर जुन्यावर एक आडवी रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे, असा दंडक होता. मी खर्ड्यांना तोच नियम लावते. कारण तिसऱ्या खर्ड्यात काढलेलं वाक्य पाचव्यात परत लागतं. संगणकावर लिहिणाऱ्यांनी तर प्रत्येक खर्डा वेगळा जपावा, तिथे खोडलेलं कायमचं नाहीसं होतं.

खोडलेल्या ओळींवरून रवींद्रनाथ टागोरांची गोष्ट सांगायलाच हवी. ते कवितांच्या हस्तलिखितात शब्द खोडायचे, आणि त्या खोडलेल्या जागा एकमेकींना रेघांनी जोडत जायचे. त्यातून पक्षी, चेहरे, चित्रविचित्र प्राणी तयार व्हायचे. १९२४ मध्ये ते अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकॅम्पो यांच्याकडे पाहुणे होते, तेव्हा त्यांच्या वहीतली ही खाडाखोड बघून त्या थक्क झाल्या. पुढे १९३० मध्ये पॅरिसला टागोरांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यामागे ओकॅम्पो यांची धडपड होती. वयाची साठी ओलांडलेल्या कवीमधला चित्रकार खाडाखोडीतून बाहेर आला. आपल्या वेळी पक्क्या वहीत अशी खाडाखोड केली असती तर अंगठे धरून उभं राहावं लागलं असतं!

पुनर्लेखन थांबवायचं कधी, हाही प्रश्न आहे. 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचा शेवट आपण एकोणचाळीस वेळा लिहिला, असं हेमिंग्वे यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. २०१२ मध्ये त्या कादंबरीची जी आवृत्ती निघाली तिच्यात त्यांच्या कागदपत्रांतून मिळालेले सत्तेचाळीस वेगवेगळे शेवट छापले आहेत. पण एक ध्यानात घ्या, त्यांनी शेवट इतक्या वेळा लिहिला, तो शेवटापर्यंत पोचल्यावर. मी थांबते ते, बदल केला आणि गोष्ट सुधारली नाही, नुसती वेगळी झाली, असं दोनदा झालं की. मग ती पाकिटात घालते.

शेवटापर्यंत पोचणं म्हणाले, त्यावरून आपल्यातल्याच एकाविषयी बोलायचं आहे. त्याच्या पत्नीची परवानगी घेतली आहे. नाव घेत नाही. वर्गातल्या सगळ्यांना कळेल. अक्षर आपल्या सगळ्यांत सुंदर, निबंध नेहमी वर्गात वाचून दाखवला जाणारा. मी त्याच्या निम्म्यानेही चांगली लिहीत नव्हते, हे इथले सर सांगतील. तो लेखक होणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. नोकरी, संसार सगळं व्यवस्थित झालं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. वहिनींनी मला बोलावून एक ट्रंक दाखवली, "तुम्ही लिहिता, तुम्हाला कळेल यात काय आहे."

अकरा वह्या होत्या. सर्वांत जुनी १९८७ ची, शेवटची तो गेला त्याच्या आदल्या वर्षीची. प्रत्येक वहीत एकाच गोष्टीची सुरुवात. एक माणूस पहाटे एसटी स्टँडवर उभा आहे, गावाकडे जाणारी गाडी लागायची आहे. थंडी, चहाच्या टपरीचा स्टोव्ह, गोणपाटावर झोपलेला हमाल. प्रत्येक वेळी आधीच्याहून सुंदर. शेवटच्या वहीतलं पान तर असं आहे, की मला ते कधीही लिहिता येणार नाही. सुवाच्य अक्षर, एकही खोड नाही. आणि प्रत्येक वहीत दीड-दोन पानांनंतर कोरं. छत्तीस वर्षांत ती गाडी स्टँडवरून सुटली नाही. तो माणूस गावाला का निघाला होता, तिथे त्याची वाट कोण बघत होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

त्याला प्रतिभा कमी पडली नाही, वेळही अगदीच कमी नव्हता. कच्ची वही नव्हती त्याच्याकडे. त्याच्या सगळ्या वह्या पक्क्या होत्या. वाईट तिसरं पान लिहायची त्याला कुणी मुभा दिली नव्हती, आणि तो ती स्वतःला देऊ शकला नाही. मला त्याची गोष्ट वाईट लिहिलेली का होईना, पण पूर्ण हवी होती. मी ती वाईट तशीच वाचली असती.

म्हणून आज दोन मागण्या करते आणि थांबते.

पहिली तुमच्याकडे, माझ्या वर्गाकडे. आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. आईच्या हातचं काही, गिरणी बंद पडली तो दिवस, पहिली बदली, मुलीचं लग्न, गावातलं सुटलेलं घर, असं प्रत्येकाकडे काहीतरी साठलेलं आहे. ते कादंबरी म्हणून लिहा, आठवण म्हणून लिहा, कसंही लिहा. पण शेवटपर्यंत जा. वाईट झालं तर मला फोन करा, तेव्हाच करा, मी माझा त्या आठवड्यातला खर्डा तुम्हाला वाचून दाखवीन. तुम्हाला लगेच बरं वाटेल.

दुसरी मागणी शाळेकडे, मुख्याध्यापिका बाईंकडे. आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून निदान एक निबंध दोनदा लिहू द्या. पहिल्यांदा लिहितील त्याला गुण नकोत, लाल शाई नको. फक्त विचारा, यातलं तुला सर्वांत खरं कुठलं वाटतं? मग पंधरा दिवसांनी तेवढ्यापासून पुन्हा लिहायला सांगा. त्यासाठी लागतील त्या कच्च्या वह्या आमची तुकडी दर वर्षी देईल. काल रात्री जेवणाच्या वेळी आम्ही हे ठरवलं आहे आणि पहिल्या वर्षाचे पैसे जमाही झाले आहेत. वह्यांच्या मुखपृष्ठावर शाळेचं नाव असेल. सुविचार मात्र छापणार नाही. मुलांना ती वही खराब करायला संकोच वाटता कामा नये.